सातवा वाटा

एका माणसाचा स्वयंपाक कसा करतात, हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. मी फौजेत स्वयंपाकी होतो. चोवीस वर्षं लंगर सांभाळला. एकशेवीस माणसांची डाळ, एकशेवीस माणसांच्या चपात्या आणि सणावाराला बडा खाना. हवालदार म्हणून निवृत्त झालो, पण वडूजच्या अलीकडच्या आमच्या गावात मला सगळे सुभेदारच म्हणतात. गावात बढती फुकट मिळते. घरी आल्यावरही हातातली पळी सुटली नाही. कुणाचं जावळ असो, कुणाचा नवस असो, मटणाच्या डेगेपुढं मीच उभा.

हे लिहितोय ते ज्यांच्या छातीवर माझ्यासारखी मधोमध शिवण पडली आहे त्यांच्यासाठी. गोळ्याऔषधांतलं मला काही कळत नाही. ते आणि काय खायचं, काय नाही, हे ज्यानं त्यानं आपल्या डॉक्टरला विचारावं. मी सांगणार आहे ते जेवणाचं, आणि जेवताना समोर कुणी नसतं त्याचं.

जावळाच्या दिवशी

पाहुण्यांच्या नातवाचं जावळ होतं. दोन डेगी चढवल्या होत्या. रस्सा उकळायला लागला आणि मला घाम फुटला. चुलीपुढं उभ्या राहणाऱ्याला घाम फुटायचाच, त्यात नवल काय? मग डावा जबडा दुखायला लागला. वाटलं, दाढ असेल. मग छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं झालं, तेव्हा ठरवलं की पित्त. आमच्याकडं माणूस काळजाचं सोडून बाकी सगळी दुखणी कबूल करतो. मी एक सोडा प्यालो, पळीनं रस्सा तळहातावर घेऊन चव बघितली, "मीठ बरोबर हाय, वाढा," असं सांगितलं आणि मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसलो. त्यानंतर मी रश्श्याची चव बघितलेली नाही.

वडूजच्या डॉक्टरांनी छातीची पट्टी काढली. ती कागदी पट्टी त्यांनी दोनदा वाचली. मग म्हणाले, "घरात मोठं कोण आहे?"

"मीच," मी म्हणालो.

"मग मुलाला फोन लावा."

मुलगा संदीप सांगलीला, विश्रामबागेत राहतो, म्हणून मला सांगलीला हलवलं. गाडीत माझ्याशेजारी हिरा बसली होती, म्हणजे आमची मंडळी. तिच्या मांडीवर एक डबा होता. जावळाच्या घरातल्या बायांनी घाईघाईत तिच्या हातात दिलेला, मीच केलेल्या मटणाचा. विट्यापर्यंत मला त्याचा वास येत होता. तिनं एका हातानं डबा धरला होता आणि दुसऱ्या हातानं माझ्या पायाचा अंगठा.

सांगलीच्या डॉक्टरांनी संदीपला आत बोलावून सांगितलं की तीन ठिकाणी अडलंय, छाती उघडावी लागेल. संदीपनं सही केली. छाती माझी होती, पण माझी सही कुणी मागितली नाही. फौजेत साधी पळी हरवली तरी माझी सही लागायची.

तीन गोळ्यांचा खेळ

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही, त्यामुळं सांगायलाही काही नाही. शुद्धीवर आलो तेव्हा घशात नळी होती आणि बोलता येत नव्हतं. मला ओळखणारे म्हणतील, बरंच झालं.

नंतरचे दिवस घड्याळावर चालायचे. सहाला बिनसाखरेचा चहा, सातला अंग पुसणं, आठला रक्त. एवढी शिस्त बघून माझ्या फौजी मनाला बरंच वाटलं. प्लॅस्टिकच्या एका खेळण्यात तीन रंगीत गोळ्या होत्या. नळीतून श्वास ओढून त्या वर उचलायच्या. दोन दिवस माझी एकही हलेना. खोकला आला की टॉवेलची घडी छातीशी घट्ट धरायची, नाहीतर शिवण उसवेल की काय असं वाटायचं. खोकताना मी टॉवेलला मिठी मारायचो. हसू नका. त्या पंधरवड्यात मी दुसऱ्या कशालाच मिठी मारली नाही.

शेजारच्या खाटेवर आटपाडीकडचे एक गुरुजी होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "घरी गेल्यावर पयलं काय खाणार?"

"न्हाई सांगत," मी म्हणालो. "तुमी?"

"पिठलं. झणझणीत. डोळ्यातनं पाणी आलं पायजे."

चौथ्या दिवशी मला फिरवून आणलं तेव्हा त्यांची खाट रिकामी होती आणि चादर बदललेली होती. सिस्टर म्हणाली, "त्यांना दुसरीकडं हलवलंय." कुठं, हे मी विचारलं नाही. त्या दिवशी मी दोन गोळ्या उचलल्या आणि दाखवायला शेजारी कुणी नव्हतं.

मग आहाराचं सांगणाऱ्या बाई आल्या. नात शोभावी अशा वयाच्या, हातात कागद. त्यांनी विचारलं, "काका, रोज तेल किती वापरता?"

"किती माणसांना?" मी विचारलं.

त्या हसल्या. मी चेष्टा करत नव्हतो. मला माणसांचा आकडा सांगितल्याशिवाय तेल सांगताच येत नाही. त्या म्हणाल्या, एका माणसाला, म्हणजे तुम्हाला, दिवसाला दोन-तीन चमचे. मी तेल डब्यानं मोजलं आहे, तांब्यानं मोजलं आहे, चमच्यानं कधीच नाही. त्यांनी कागदावर मटण, अंडी, लोणी, मीठ, पापड लिहिलं आणि एकेकावर फुली मारत गेल्या.

केलची पानं

महिना-दीड महिना मला विश्रामबागेत मुलाकडंच राहायचं होतं, दवाखाना जवळ म्हणून. हिराला परत जावं लागलं. म्हैस व्यायला झाली होती आणि म्हशीला बायपास कळत नाही. संदीप नऊला बाहेर पडायचा, सूनबाई अश्विनी साडेनऊला. ती कॉलेजात शिकवते. दार ओढून घेतल्यावर कुलपाचा एक बारीक आवाज यायचा. तिथून संध्याकाळपर्यंत मी आणि भिंतीवरचं घड्याळ. दुपारी दीडला झाकून ठेवलेलं ताट उघडायचं आणि जेवायचं. चोवीस वर्षं मी दुसऱ्यांना वाढून मग शेवटी जेवलो, पण तेव्हाही भांडी घासणाऱ्यांचा गोंगाट तरी असायचा. इथं माझा घास मलाच ऐकू यायचा. एकदा मी मुद्दाम भांडं पाडलं, नुसतं वाजावं म्हणून.

अश्विनीनं एक पुस्तक आणलं. हिरवं, गुळगुळीत कागदाचं, पानोपानी फोटो.

"नाना, हे बघा. सगळं वनस्पतींचंच आहे. दूध नाही, तूप नाही, तेल जवळजवळ नाही."

"मग राहिलं काय?"

"पान दहापासून पुढं बघा," ती म्हणाली. पोरगी माझ्या तोंडाला तोंड देते, म्हणून मला आवडते.

मी ते पुस्तक दुपारी वाचायला घेतलं. फोटोतल्या ताटल्या एवढ्या मोठ्या आणि त्यात जेवण एका कोपऱ्यात चिमूटभर. लंगरात मी असं वाढलं असतं तर जवानांनी मलाच फोडणीत घातलं असतं. प्रत्येक पाककृतीवर लिहिलेलं, "दोन व्यक्तींसाठी". आणि शेवटी, "मीठ चवीनुसार, शक्य तितके कमी". मी पेन्सिल घेतली आणि राजम्याच्या पानावर 'चवीनुसार'च्या पुढं समासात लिहिलं, "कुणाच्या?" कारण माझी चव आता फुलीखाली होती आणि दुसरं कुणी जेवायला नव्हतं.

एका दुपारी ठरवलं की आपणच करून बघू. पुस्तकात होतं, "केलची कोवळी पाने, एक वाटी, बारीक चिरून." मला वाटलं, छापणाऱ्याला ळ सापडला नसेल आणि वेलांटी तो विसरला असेल. केळीची पानं. ज्या पानावर जेवायचं तेच चिरून खायचं, हे मनाला काही पटेना. पण पुस्तक म्हणजे लेखी हुकूम, आणि लेखी हुकमाला मी कधी फाटा दिलेला नाही. सोसायटीच्या मागं केळीचं एक झाड होतं. वॉचमनला विचारून मी त्याचा कोवळा पोंगा, म्हणजे न उलगडलेलं पान, काढून आणला, बारीक चिरला, डाळीत घातला. पाऊण तास शिजवला. तो काही शिजेना. चावायला गेलो तर सुतळी.

संध्याकाळी अश्विनी आली, तिनं कुकर उघडला. मी काय केलंय ते सांगितल्यावर ती हसत हसत खाली फरशीवरच बसली. मीही हसायला लागलो आणि छाती दुखायला लागली म्हणून टॉवेल शोधायला लागलो.

"नाना, केल ही वेगळी भाजी असते. परदेशी. कोबीच्या जातीतली."

"मग ती हितं मिळती का?"

"नाही बहुतेक."

"मग कशाला ल्ह्यायचं?"

त्या घरात मी तेवढा एकदाच हसलो.

पुढच्या रविवारी तिनं सगळ्यांनी मिळून पुस्तकातलं जेवण करायचं ठरवलं. नाचणीची उकड, बिटाची कोशिंबीर आणि पाण्याची फोडणी दिलेली डाळ. हो, पाण्याची. तवा तापवून त्यात जिरं टाकायचं आणि जळायला लागलं की पाणी शिंपडायचं. माझ्या डोळ्यांदेखत हे झालं आणि मी गप्प बसलो, एवढं माझं आजारपण खरं होतं. टेबलावर आम्ही तिघं बसलो. संदीप दोनदा "छान झालंय" म्हणाला. दोनदा म्हणाला तेव्हाच मला कळलं. अर्धं ताट संपवून तो उठला. "जरा गाडीत पेट्रोल भरून येतो." दीड तासानं आला तेव्हा त्याच्या तोंडात बडीशेप होती. पेट्रोल पंपावर बडीशेप देत नाहीत. अश्विनीनं मात्र ओठ घट्ट मिटून ताट स्वच्छ केलं. त्या दोघांचं त्यावरून स्वयंपाकघरात कुजबुजत भांडण झालं. मी टीव्हीचा आवाज वाढवला, त्यांना मोकळेपणानं भांडता यावं म्हणून.

संदीपचा मला राग आला नाही. तो माझ्याच हातचं मटण खाऊन वाढलेला. पण माझ्या आजारामुळं माझ्या पोराला स्वतःच्या घरातून चोरासारखं बाहेर जेवायला जावं लागलं, हे मला लागलं. त्यानंतर मी अश्विनीला सांगितलं, माझं मी करीन, तुमचं तुम्ही करा. ती बरं म्हणाली. तिलाही सुटल्यासारखं झालं असणार.

माझं मागनं

गावी आलो तेव्हा हिरानं घर लख्ख केलं होतं. चुलीमागच्या फळीवरचं मोठं पातेलं दिसेना. विचारलं तर म्हणाली, "शालनला दिलं. आता काय करायचंय आपल्याला?" शालन म्हणजे धाकटी भावजय, भिंतीला भिंत लागून घर. त्या पातेल्यात आमच्या घरचं मटण शिजायचं. हिरा शिजवायची, मी नाही. सुट्टीवर आलेला फौजी पाहुणाच असतो आणि निवृत्त झाल्यावरही माझी पाहुणकी सुटली नव्हती. सगळ्या गावाला मी जेवू घातलं, पण घरच्या चुलीपुढं कधी बसलो नव्हतो.

गावातली बोलावणी बंद झाली. मधे दोन जावळं झाली, एक नवस फेडला गेला. डेगी चढल्याचा धूर मला अंगणातनं दिसायचा. भेटले की सगळे एकच म्हणायचे, "सुबेदार, तुमास्नी तरास नगं म्हणून न्हाई बोलावलं." माया खरी होती. पण माणसाला तरास नगं तरास नगं म्हणत एकेक करून सगळ्यातनं बाहेर काढता येतं, हे मला तेव्हा कळलं.

मग मी अश्विनीनं बरोबर दिलेल्या त्या हिरव्या पुस्तकाच्या मागं लागलो. दुसरं करायलाही काही नव्हतं. पुस्तकातलं जे आमच्या शिवारात येत नाही ते खोडायचं आणि पेन्सिलीनं आपलं लिहायचं. केल खोडून शेवग्याचा पाला. परदेशी धान्य खोडून वरी. 'सूप' खोडून हुलग्याचं माडगं, जे आमची आजी आजाऱ्याला पाजायची आणि आम्ही नाक धरून पळायचो. राजमा खोडून घेवडा. कोरेगावकडचा तो तांबूस रेघांचा घेवडा रात्रभर भिजवला, आलं-लसूण ठेचून घातलं, वर चिंच आणि पुदिना, आणि तेल फक्त एक चमचा, की पुस्तकातल्या सगळ्या फोटोंच्या तोंडात मारेल अशी आमटी होते. हे मी स्वयंपाकी म्हणून सांगतो, रोगी म्हणून नाही.

फक्त माप जमेना. मी बाहेरनं सांगायचो, चुलीवर हिरा शिजवायची. दोघांचं सांगायला जावं तर वीस जणांचं व्हायचं. उरलेलं म्हशीच्या घमेल्यात जायचं. हिरा मला वाढायची आणि उभी राहायची.

"तू बस की," मी म्हणायचो.

"माझं मागनं."

लग्न झाल्यापासून तिचं मागनंच. मी बाहेरच्या खोलीत घेवडा खायचो. मग आतून तिच्या भाकरी मोडण्याचा आवाज यायचा. एका घरात दोन माणसं आणि दोन पंगती.

रविवारी दुपारी ती शालनकडं जायची, वाकळ शिवायला. तासाभरानं यायची आणि मला गोळी द्यायची. एका रविवारी तिनं गोळी माझ्या हातावर ठेवली आणि मला तिच्या बोटांचा वास आला. भाजलेलं खोबरं, लसूण, आणि त्याच्याखाली चरबी. हात राखेनं घासलेला होता, तरीही. चोवीस वर्षं ज्या नाकाच्या जोरावर भाकरी खाल्ली ते नाक काही ऑपरेशनमध्ये कापलं नव्हतं.

पाण्याबरोबर गोळी गिळली. मुलगा चोरून खात होता, आता बायकोही. सगळे माझ्यावर दया करून लपत होते. मी घरात असूनही मला चुकवून घर चाललं होतं. इतकं एकटं मला दवाखान्यातल्या त्या रिकाम्या खाटेशेजारीही वाटलं नव्हतं.

सहा ढीग

चैत्रात गावची जत्रा. आमच्या भावकीतली सात घरं मिळून बोकड घेतात आणि त्याचे सात वाटे करतात. धुतलेल्या ताडपत्रीवर सात ढीग घालायचे. प्रत्येकात थोडं काळीज, थोडी चाप, एक नळी. काटा वापरायचा नाही, नजरेनं करायचं. आणि रीत अशी, की जो वाटे घालतो त्यानं सगळ्यात शेवटी उचलायचं. त्यामुळं घालणारा बेइमानी करत नाही. फौजेतून आल्यापासून वाटे मीच घालत आलो होतो. एकदाही कुणी "माझा ल्हान हाय" म्हणालं नाही.

संदीप-अश्विनीला त्या आठवड्यात परीक्षांचं काम होतं, ते आले नाहीत. आमच्याकडं मटण नाही हे कळल्यावर पाहुणेही परस्पर दुसऱ्या घरांत उतरले. मी सकाळी स्वच्छ शर्ट घातला आणि भावकीच्या वाड्यामागं, जिथं ताडपत्री अंथरतात तिथं गेलो. मला खायचं नव्हतं. मला फक्त वाटे घालायचे होते.

पुतण्या पोपटनं ते घालून झाले होते. मी मोजले. पुन्हा मोजले. सहा होते.

"नाना, तुमास्नी डाक्टरनं बंद केलंय न्हवं?" पोपट उठून उभा राहिला. "म्हणून औंदा सा घरातच केलं. तुमाला उगं कशाला तरास?"

"बरं केलंस," मी म्हणालो.

ढीग वाकडेतिकडे होते. अर्धं काळीज एकाच ढिगात गेलं होतं. ते दिसूनही मी घराकडं वळलो. शेताची वाटणी झाली, भाऊ वेगळे झाले, तरी वाटा कधी चुकला नव्हता. मी फौजेत असताना, बर्फात असताना, माझ्या नावाचा वाटा दरवर्षी घरी यायचा. आता मी गावात उभा होतो आणि वाटा नव्हता. खरं सांगतो, मला तेव्हा वाटलं, त्या ऑपरेशनच्या टेबलावरच राहिलो असतो तर निदान श्राद्धाला तरी नाव घेतलं असतं.

हिरा उंबऱ्यात बसून घेवडा निवडत होती.

"झालं घालून?" तिनं विचारलं. "वाटा कुठाय?"

"आपला न्हाई. साच घातल्यात."

"म्हंजी?"

"मला चालत न्हाई म्हणून."

तिचा हात सुपातच थांबला. मग म्हणाली, "आन मला?"

इतका वेळ मी माझा वाटा, माझा वाटा करत होतो. वाटा घराचा असतो आणि घरात आणखी एक माणूस आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मला कुठल्या डाक्टरनं बंद केलंय?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचंच मला भ्या वाटलं. "लय दिस झालं, शालनच्या मोरीपाशी हुबं राहून खातीया मी. बसूनसुदीक न्हाई. तुमास्नी वास येऊ नये म्हणून राखेनं हात घासतीया."

"मला येतो वास."

"ठावं हाय तुमाला?"

"हां."

"मग बोलला का न्हाई?"

"तू का न्हाई बोललीस?"

ती पुन्हा घेवडा निवडायला लागली. खडा नसलेलाही दाणा बाजूला काढत होती. "तुमाला आता कळाया लागलं एकट्याचं जेवण," ती खाली बघत म्हणाली. "तुमी लंगरात शंभर माणसांत जेवायचा, तवा सासूबाई गेल्यावर, संदीप शाळेला हॉस्टेलात गेल्यावर, मी हितं एक भाकरी थापायची. एका भाकरीसाठी तवा तापवायचा कटाळा यायचा. मग दोन दिसाची शिळी खायची. तुमाला कवा पत्रात लिवलं न्हाई."

फौजेत माणसाला खूप शिकवतात, पण अशा वेळी काय बोलायचं ते कुणी शिकवत नाही. मी उठलो, पायात चपला घातल्या आणि परत गेलो.

ताडपत्रीभोवती अजून माणसं होती. मी म्हणालो, "मोडा. सात घाला."

"नाना, आवं तुमाला..." पोपट बोलायला लागला.

"मी खानार न्हाई. माझ्या घरात खानारं माणूस हाय. सर बाजूला."

मी बसलो. शिवणीवर ताण आला, पण बसलो. सगळं एकत्र केलं आणि सात ढीग घातले. नजर अजून तीच होती. मागून कुणीतरी म्हणालं, "सुबेदार बायकुसाठी वाटा न्ह्यायला आलं गड्या!" सगळे हसले. मीही हसलो. सहाजणांनी उचलले, मग शेवटी मी उचलला.

दोघांच्या

घरी येऊन मी बाह्या वर सारल्या. हिरा दारात उभी राहून म्हणाली, "आवं, लोकं काय म्हणतील, बापय मानूस चुलीम्होरं?"

"एकशेवीस बापयांनी खाल्लंय माझ्या हातचं. तू तेवढी राहिलीस."

एका माणसाला मटण किती घ्यायचं, हे मी तिला विचारलं. तिनं मूठ दाखवली. तेवढं काढलं आणि बाकीचं शालनकडं पाठवलं, तिच्या मोरीपाशी जे खाल्लं गेलं त्याची ही परतफेड. लहान पातेली घेतली. खोबरं भाजलं, वाटण वाटलं. बाजूच्या शेगडीवर माझा घेवडा, पुस्तकातला, पेन्सिलीनं दुरुस्त केलेला. आयुष्यात पहिल्यांदा मी दोन माणसांचा स्वयंपाक केला आणि तो दोन माणसांचाच झाला.

रश्श्याची चव मला बघता येत नव्हती. अंदाजानं मीठ टाकलं. दोन ताटं वाढली, एक तिचं, एक माझं, आणि आत चुलीपाशीच समोरासमोर ठेवली.

"तुमी जेवा. माझं मागनं," ती सवयीनं म्हणाली.

"आज मागनं न्हाई."

ती बसली. पदर सावरला, भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला, खाल्ला. मी घास तोंडाशी धरून तिच्या तोंडाकडं बघत होतो. बड्या खान्याला जनरल साहेब जेवायला बसले होते, तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो.

"कसं झालंय?"

ती चघळत राहिली. "अळणी हाय," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत हे मला कुणी म्हणालं नव्हतं. चार महिन्यांच्या पथ्यात माझ्या हातातलं मीठ गेलं होतं. मी मिठाच्या बरणीकडं हात नेला. तिनं तळहात ताटावर आडवा धरला.

"नगं. तुमचं बी तसंच हाय न्हवं? असू द्या."

आणि ती जेवत राहिली. हळूहळू, नळी नीट चोखून, बसून. मीही जेवलो. घरात दोन माणसांच्या जेवणाचा आवाज होता.

हात धुऊन झाल्यावर मी फळीवरचं हिरवं पुस्तक काढलं. घेवड्याचं पान उघडलं. "मीठ चवीनुसार" या छापलेल्या ओळीपुढं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, "कुणाच्या?" त्याच्याखाली मी पेन्सिलीनं लिहिलं, "दोघांच्या."